'कला आणि एआय' या विषयावर चर्चा करून इंग्रजी शब्द वाढवायचे आहेत, आखणी कशी करावी?

वाचनवेळ

आमचा सहा जणांचा गट आहे. आठवड्यातून एकदा तासभर फक्त इंग्रजीतून बोलायचं, असा नियम आहे. वाचलेलं सगळ्यांना समजतं, बातम्याही ऐकून कळतात, पण बोलताना तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. पुढचे तीन महिने एकच विषय धरलाय, कला आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. वाद चांगला रंगतो. भाषा मात्र 'आय थिंक इट इज गुड' आणि 'धिस इज नॉट रिअल आर्ट' यांच्या पुढे सरकत नाही. शब्दांच्या याद्या करून पाहिल्या. यादीतला शब्द वाचताना ओळखू येतो, पण बोलताना तोंडात येत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या विषयातले नेमके कोणते शब्द आधी घ्यावेत? एका तासात किती शब्द झेपतात आणि तो तास कसा वाटून घ्यावा? आणि सराव करायला एआयशीच बोललं तर चालतं का?

शब्दकुळी

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. यादीतला शब्द तोंडात येत नाही, कारण तो एकटा पाठ केलेला असतो. वाद घालताना मात्र दोन शेजारच्या शब्दांतून एक निवडावा लागतो, आणि ती निवड करण्याची सवयच झालेली नसते. तुमचा विषय यासाठी उत्तम आहे, कारण इथे क्रियापद निवडलं की बाजूही निवडली जाते.

ही तीन वाक्यं पाहा. 'द मॉडेल क्रिएटेड धिस इमेज.' 'द मॉडेल जनरेटेड धिस इमेज.' 'शी यूज्ड द मॉडेल टु मेक धिस इमेज.' पहिल्यात यंत्राला निर्मात्याचा मान दिला आहे. दुसऱ्यात नुसती प्रक्रिया सांगितली आहे. तिसऱ्यात कर्ता माणूस आहे आणि मॉडेल हे अवजार. 'प्रोड्यूस' त्यातल्या त्यात तटस्थ. एकच बातमी गटात तिघांना द्या आणि प्रत्येकाला एकेक क्रियापद ठरवून द्या. बाकीच्यांनी त्यावर हरकत घ्यायची. 'क्रिएट' आणि 'जनरेट' यांतला फरक मग कोशात बघावा लागत नाही.

त्यासाठी बातमी कोणती? ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 'एडमंड द बेलामी' हे अल्गोरिदमने तयार केलेलं व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. अंदाज होता ७,००० ते १०,००० डॉलरचा. ते 'ऑब्व्हियस' नावाच्या फ्रेंच गटाने बाजारात आणलं होतं आणि सहीच्या जागी गणिती सूत्राचा तुकडा छापला होता. मग चित्रकार कोण? गट, सूत्र, की ज्यांच्या जुन्या चित्रांवर ते शिकवलं ते? या एका प्रश्नापायी 'ऑथर', 'ऑथरशिप', 'सिग्नेचर', 'क्रेडिट', 'अट्रिब्यूट' हे शब्द लागतातच. ते जोडीदारांसकट घ्या: 'क्लेम ऑथरशिप', 'टेक क्रेडिट फॉर समथिंग', 'गिव्ह क्रेडिट टु समवन', 'अट्रिब्यूट अ वर्क टु समवन'. 'क्रेडिट' नुसता पाठ केला तर पुढे 'फॉर' की 'टु' इथे जीभ अडखळते, आणि बोलणारा पुन्हा 'गुड'कडे वळतो.

दुसरी जागा म्हणजे जिथे मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत चार. आपलं बोलणं सगळ्यात जास्त तिथेच अडतं.

'चित्र' घ्या. 'ड्रॉइंग' म्हणजे रेषेचं काम, 'पेंटिंग' म्हणजे रंगाचं. 'इलस्ट्रेशन' मजकुराला जोडून येतं. 'पिक्चर' बोलीतला, सगळ्याला चालणारा. 'इमेज' डोळ्यांना दिसणारं किंवा पडद्यावरचं काहीही. एआयने केलेल्या चित्राला सहसा 'इमेज' म्हणतात. त्याला 'पेंटिंग' म्हटलं तर समोरचा विचारणारच की रंग कुठे आहे, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. 'चित्र काढणे' यालाही 'ड्रॉ' आणि 'पेंट' असे दोन वेगळे रस्ते आहेत.

'नक्कल' तर खजिना आहे. 'कॉपी' साधा. 'इमिटेट' म्हणजे अनुकरण, त्यात शिकण्याचाही भाव असू शकतो. 'मिमिक' म्हणजे हुबेहूब हावभाव किंवा शैली उचलणं. 'रेप्लिकेट' म्हणजे तीच गोष्ट पुन्हा घडवणं, प्रयोगशाळेतला शब्द. 'फोर्ज' आणि 'प्लेजराइज' यांत कायम गोंधळ होतो. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणं ते 'प्लेजरिझम'. स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवणं ती 'फोर्जरी'. दिशा उलटी आहे, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. आता गटाला विचारा, एखाद्या हयात चित्रकाराच्या शैलीत एआयने चित्र केलं तर या दोन्हींपैकी काय झालं? बहुतेकांना दोन्ही शब्द अपुरे वाटतील आणि 'डेरिव्हेटिव्ह' पुढे येईल. तिथे एक खाच आहे. समीक्षेत 'डेरिव्हेटिव्ह' हा ठपका आहे, म्हणजे उसनं, स्वतःचं काही नसलेलं. कॉपीराइट कायद्यात मात्र 'डेरिव्हेटिव्ह वर्क' ही साधी संज्ञा आहे, म्हणजे आधीच्या कामावर आधारलेलं नवं काम, तिच्यात दोषारोप नाही. एक जण समीक्षेच्या आणि दुसरा कायद्याच्या अर्थाने बोलत असेल तर पाऊण तास वाया जातो.

'टीका' आणि 'कलाकार' यांचंही तसंच. 'क्रिटिसिझम' म्हणजे दोष दाखवणंही आणि समीक्षाही. 'क्रिटीक' म्हणजे एका कामाचं सविस्तर परीक्षण, 'क्रिटिक' ते करणारी व्यक्ती. मराठीत 'कलाकार' म्हटलं की नट आणि गायकही आले. इंग्रजीत नुसतं 'आर्टिस्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा आधी चित्रकार उभा राहतो.

जाता जाता, 'आर्ट' आणि 'आर्टिफिशियल' एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये 'आर्स' म्हणजे कौशल्य, 'फाकेरे' म्हणजे करणं, त्यातून 'आर्टिफिशियम' आणि पुढे 'आर्टिफिशियल'. 'आर्टिसन', 'आर्टिफिस' हे त्यांचेच भाऊबंद. 'आर्टिफॅक्ट'चं विशेष असं की संग्रहालयात तो माणसाने घडवलेली जुनी वस्तू असतो, आणि डिजिटल प्रतिमेत प्रक्रियेमुळे उमटलेला दोष, म्हणजे कडेला पडलेले चौकोनी ठिपके किंवा हाताला सहावं बोट. एकाच चर्चेत दोन्ही अर्थांनी वापरता येईल असा शब्द क्वचितच सापडतो.

आघात

शब्द निवडलेत की लगेच त्यांचा उच्चार पक्का करा. चुकीचा उच्चार बसला की तो शब्द ऐकताना ओळखू येत नाही, मग तो पुन्हा नवाच वाटतो.

या विषयातल्या शब्दांत आघात जागा बदलतो. 'आर्टिस्ट'मध्ये जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारी तुकड्यावर, सिलेबलवर), 'आर्टिस्टिक'मध्ये दुसऱ्यावर. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'ऑरिजिन' पहिल्यावर, 'ओरिजिनल' दुसऱ्यावर, 'ओरिजिनॅलिटी' चौथ्यावर. 'क्रिटिक' पहिल्यावर आणि 'क्रिटीक' दुसऱ्यावर, शिवाय दुसऱ्यातला 'टी' दीर्घ. 'अट्रिब्यूट' क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या अवयवावर, 'ॲट्रिब्यूट' नाम असेल तर पहिल्यावर.

आपण 'इमेज' म्हणतो ते खरं 'इमिज'च्या जवळचं आहे. 'ॲल्गरिदम'चा शेवट 'दिस', 'दॅट'मधल्या ध्वनीसारखा. 'व्हिज्युअल', 'व्हॅल्यू' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वर्क'ला ओठ गोल होतात. 'व्हिज्युअल वर्क' हे दोन शब्द लागोपाठ दहादा म्हणून बघा, फरक लगेच कळतो.

वहीत शब्द लिहाल तेव्हा जोराच्या अवयवाखाली रेघ ओढा. अर्थ नंतर लिहिला तरी चालेल.

तासिका६०

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

किती शब्द? शब्दसंग्रहाच्या अभ्यासात एक आकडा मान्य आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ठाऊक असावे लागतात. म्हणजे १०० शब्दांत अनोळखी फक्त दोन. ३५० शब्दांचा उतारा घेतलात तर अनोळखी सात. वीस निघाले तर तो उतारा बाजूला ठेवा, कारण मग चर्चा विषयावर न होता कोशावर होते. सात-आठ शब्द एका तासाला भरपूर झाले. त्यातले चार बोलण्यात आणण्यासाठी, उरलेले समजण्यापुरते.

निवड करताना शैक्षणिक इंग्रजीची जी यादी २००० साली प्रसिद्ध झाली, ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुळ), तिच्याशी ताडून पाहा. 'क्रिएट', 'डिराइव्ह', 'इंटरप्रेट', 'जनरेट', 'अट्रिब्यूट', 'बायस', 'युनिक' हे सगळे तिच्यात आहेत. ते या विषयाबाहेरही रोज लागतात, म्हणून बोलायचे चार शब्द तिथले घ्या. 'इंपास्टो' (रंगाचा जाड थर) यासारखे शब्द गोड असतात, पण वर्षातून एकदा लागतात.

आता तास.

पहिली १० मिनिटं एक प्रतिमा, तीन प्रश्न. संग्रहालयांत मुलांना चित्र दाखवताना वापरतात तेच: 'व्हॉट्स गोइंग ऑन इन धिस पिक्चर?', 'व्हॉट डू यू सी दॅट मेक्स यू से दॅट?', 'व्हॉट मोअर कॅन वी फाइन्ड?' जादू दुसऱ्या प्रश्नात आहे. 'गुड' म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो आणि पुरावा द्यायला नेमकं विशेषण लागतं. रंगासाठी 'म्यूटेड' (मंद), 'व्हिव्हिड' (ठसठशीत), 'गॅरिश' (भडक). प्रकाशासाठी 'हार्श', 'सॉफ्ट'. मांडणीसाठी 'बॅलन्स्ड', 'क्लटर्ड'. प्रतिमा माणसाची की एआयची हे या दहा मिनिटांत सांगू नका. आधी सांगितलं तर सगळे निकाल देतात, बघत कुणीच नाही.

पुढची १२ मिनिटं उतारा मनात वाचणं, अनोळखी शब्दांचा संदर्भावरून अंदाज, मग कोश.

मग १५ मिनिटं वाद. तिघं एका बाजूला, तिघं दुसऱ्या. 'आय थिंक' वर्ज्य. त्याऐवजी 'आय'ड आर्ग्यू दॅट', 'इट सीम्स टु मी दॅट', 'आय टेक युअर पॉइंट, बट', 'दॅट डिपेन्ड्स ऑन व्हॉट वी मीन बाय आर्ट'. ही चार वाक्यं फळ्यावर कायम राहू द्या.

त्यानंतर २० मिनिटं ४-३-२. सहा जण म्हणजे तीन जोड्या. एकाने आपलं म्हणणं ४ मिनिटांत सांगायचं, मग नवीन जोडीदाराला तेच ३ मिनिटांत, मग तिसऱ्याला २ मिनिटांत. ९ मिनिटांत एका बाजूचे तिघं झाले, पुढच्या ९ मध्ये उरलेले तिघं. वेग वाढतो, अडखळणं कमी होतं. बिघडतं ते एकाच ठिकाणी. २ मिनिटांच्या फेरीत घाईपोटी लोक नवे शब्द टाकून जुन्यांवर येतात. म्हणून ऐकणाऱ्याच्या हातात त्या चार शब्दांची चिठ्ठी द्या. शब्द आला की खूण. चारांपैकी तीनपेक्षा कमी आले तर ती फेरी पुन्हा.

उरलेली ३ मिनिटं चुकांची. बोलताना मध्येच कुणालाही दुरुस्त करू नका. ऐकणाऱ्याने टिपून ठेवायचं आणि शेवटी सांगायचं.

घरी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं पूर्ण वाक्य, मागे शब्द आणि त्याचे दोन जोडीदार. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. मागची बाजू बघण्याआधी शब्द मोठ्याने म्हणायचा. नुसतं वाचून 'हो, येतंय' म्हटलं की ते कार्ड वाया गेलं.

वाचनवेळ

फारच उपयोगी. 'इन द स्टाइल ऑफ' हा प्रयोग प्रत्येक चर्चेत शंभरदा येतो आणि सगळं त्यातच कोंबलं जातं. त्याला पर्याय आहेत का? आणि उतारे कुठल्या प्रकरणांवर घ्यावेत?

चौकटीखाली

पर्याय आहेत, आणि ते लिलावाच्या कॅटलॉगमध्ये पायऱ्यांसारखे रचलेले आहेत. चित्राखाली नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर काम त्याचंच, असं लिलावगृहाचं मत. 'अट्रिब्यूटेड टु' म्हणजे बहुधा त्याचं, पूर्ण किंवा काही भाग. 'स्टुडिओ ऑफ' किंवा 'वर्कशॉप ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं, कदाचित त्याच्या देखरेखीखालचं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातलं, त्याचा प्रभाव दिसणारं. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्याच्या शैलीतलं, पण शिष्याचंच असेल असं नाही. 'मॅनर ऑफ' म्हणजे शैली त्याची, काळ नंतरचा. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या एखाद्या ठाऊक असलेल्या कामाची प्रतिकृती, कुठल्याही काळातली. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांतही दरी आहे. पहिल्यात सही त्याच्या हातची मानली आहे, दुसऱ्यात चित्रावर सही आहे, पण ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या हातची, असं लिलावगृहाचं मत.

एआयच्या पाच प्रतिमा घ्या आणि प्रत्येकीखाली यातली कुठली पाटी लावाल यावर भांडा. 'आफ्टर' की 'मॅनर ऑफ' हे ठरवायला मूळ चित्राकडे बारकाईने पाहावं लागतं, आणि 'सर्कल ऑफ' इथे का लागू होऊ शकत नाही हे समजावताना चांगली लांब वाक्यं बोलावी लागतात.

उताऱ्यांसाठी तीन प्रकरणं सुचवेन.

२०२२ मध्ये कोलोरॅडो स्टेट फेअरमध्ये मिडजर्नी या शब्दांवरून प्रतिमा बनवणाऱ्या एआय साधनावर केलेल्या प्रतिमेला डिजिटल कला विभागात पहिलं बक्षीस मिळालं. करणाऱ्याने किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना) आणि फेरफार केल्याचं सांगितलं होतं. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली, कारण एआयने केलेला भाग दाव्यातून वगळायला तो तयार नव्हता. इथे 'क्लेम' (दावा करणं) आणि 'डिस्क्लेम' (दावा सोडणं) ही जोडी मिळते.

२०२३ मध्येच बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं, कारण पाठवलेली प्रतिमा एआयची होती. मराठीत दोन्हीकडे 'नाकारलं' झालं, पण इंग्रजीत बक्षीस 'डिक्लाइन' करतात, नोंदणी 'रिफ्यूज' होते, आणि युक्तिवाद 'रिजेक्ट' होतो. 'डिक्लाइन'मध्ये सौजन्य आहे. 'टर्न डाउन' बोलीतला, बक्षिसाला आणि अर्जाला दोन्हीला चालतो.

तिसरं जुनं आहे, आणि तेच सगळ्यात मोलाचं. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑस्कर वाइल्डच्या एका छायाचित्राला कॉपीराइट मिळू शकतो असं ठरवलं. समोरच्यांचं म्हणणं होतं की कॅमेरा हे यंत्र आहे, छायाचित्रकार 'ऑथर' कसा? न्यायालयाने बैठक, वेष, मांडणी, प्रकाश यांतल्या त्याच्या निवडीकडे बोट दाखवलं. 'सिलेक्ट', 'अरेंज', 'पोज' ही क्रियापदं तिथून घ्या आणि प्रॉम्प्ट लिहिणारा यातलं नेमकं काय करतो, हा प्रश्न टाका. दोन्ही बाजूंना दारूगोळा मिळतो.

शब्दयोगी अव्ययांची एक चिठ्ठी भिंतीवर लावा: 'ट्रेन्ड ऑन', 'बेस्ड ऑन', 'डिराइव्ह्ड फ्रॉम', 'इन्स्पायर्ड बाय', 'ड्रॉ ऑन'. 'ऑब्जेक्ट टु' नंतर 'यूजिंग' येतं, 'यूज' नाही. आणि 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लावायचं नाही. मराठीतलं 'विषयी' तिथे आपोआप घुसतं, म्हणून ही चूक सगळ्यात चिवट आहे.

तपासनीस

तिसरा प्रश्न राहिला. एआयशी सराव चालतो, पण सूचना नेमकी हवी.

'माझा परिच्छेद सुधार' म्हटलंत तर तो सगळंच नव्याने लिहून देतो. परिच्छेद छान होतो आणि तुमची चूक कुठे होती ते कळत नाही. त्याऐवजी सांगा: वाक्यं बदलू नकोस, चुकलेल्या जागा फक्त दाखव, दुरुस्ती मी करेन. दुसरी सूचना: मी वापरलेल्या अमुक शब्दाचे रोजच्या वापरातले तीन जोडीदार दे. ते तीन शिकाऊंसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात ताडून मगच कार्डावर चढवा.

वाद घालायला घेतलंत तर आधीच बजावा की शेवटपर्यंत विरुद्ध बाजू सोडायची नाही. नाहीतर दोन वाक्यांत तो तुमच्याशी सहमत होतो आणि तुम्हाला युक्तिवादाचे शब्द लागतच नाहीत.

त्याची स्वतःची शब्दांची हौसही ओळखायला शिका. 'डेल्व्ह', 'टॅपेस्ट्री', 'इंट्रिकेट', 'टेस्टमेंट टु' हे शब्द तो गरज नसताना पेरतो. चॅटबॉट आल्यावर संशोधन निबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह' इतका वाढला की संशोधकांनी त्याची मोजणी केली. चित्राबद्दल बोलताना 'टॅपेस्ट्री' म्हणजे विणलेला भिंतपट, तो समोर असेल तेव्हाच वापरा.

चित्रकारांची अवतरणं त्याच्याकडून घेऊ नका. कधी कधी ती त्याने रचलेली असतात. त्याला 'हॅल्युसिनेट' म्हणतात आणि केंब्रिज कोशाने २०२३ चा शब्द म्हणून तोच निवडला होता. काही जणांचा या शब्दालाच आक्षेप आहे, कारण भास व्हायला आधी जाणीव लागते. ते 'कन्फॅब्युलेट' सुचवतात, म्हणजे स्मृतीतली पोकळी नकळत रचलेल्या गोष्टीने भरणं. 'लर्न', 'अंडरस्टँड', 'सी', 'हॅल्युसिनेट' ही माणसाची क्रियापदं यंत्राला लावावीत का, यावर एक पूर्ण तास ठेवा. वर शब्दकुळी यांनी सांगितलेला 'क्रिएट'-'जनरेट'चा खेळ झाल्यानंतरच तो घ्या, आधी घेतला तर सगळे 'यूज'वर अडकतात.